नैसर्गिक नीतिनियमाने प्रश्न कसा तपासावा: कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील अभ्यासगटांसाठी

पहिल्या बैठकीची पहिली १० मिनिटं शब्दासाठी ठेवा. मराठीत ‘नैसर्गिक नियम’ म्हटलं की विज्ञानाच्या शिक्षकाला गुरुत्वाकर्षण आठवतं, वकिलाला ‘नैसर्गिक न्याय’ आठवतो (दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल नको), आणि बाकीच्यांना वाटतं, रसायन न घातलेलं, झाडावरून उतरलं तसं. ख्रिस्ती नीतिशास्त्रात या शब्दाचा अर्थ यांपैकी एकही नाही. देवाने माणसाला बुद्धी दिली आहे. आपलं आणि शेजाऱ्याचं खरं हित कशात आहे हे त्या बुद्धीने ओळखता येतं, आणि ते ओळखून वागणं म्हणजे देवाच्या शाश्वत नियमात सहभागी होणं, असं इथे म्हणायचं असतं. म्हणून गटात ‘नैसर्गिक नीतिनियम’ असा पूर्ण शब्द वापरा. लांब आहे खरा, पण पुढचे निम्मे वाद त्याने वाचतात.

आधार बायबलमधल्या रोमकरांस पत्रातला आहे, अध्याय २, वचनं १४ आणि १५. ज्यांच्याकडे मोशेचं नियमशास्त्र नाही असे परराष्ट्रीय (यहुदी नसलेले लोक) स्वभावतः नियमशास्त्रातलं करतात, ते त्यांच्या अंतःकरणात लिहिलेलं असतं आणि सदसद्विवेकबुद्धी साक्ष देते, असं पौल तिथे म्हणतो. या विचाराची सर्वांत नेटकी मांडणी मध्ययुगीन कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने (१२२५–१२७४) आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात, दुसऱ्या भागाच्या पूर्वार्धात, प्रश्न ९० ते ९७ मध्ये केली आहे. (या ग्रंथात प्रकरणाला ‘प्रश्न’ आणि त्यातल्या भागाला ‘कलम’ म्हणतात.) सगळं वाचायची गरज नाही. प्रश्न ९४ ची सहा कलमं वाचली तरी काम सुरू करता येतं.

कोल्हापुरात एक शंका हमखास निघते: हे तर कॅथलिकांचं, आपल्याला काय त्याचं? इथल्या जुन्या मंडळ्यांची मुळं १८५२ साली आलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्या कामात आणि पुढे प्रेस्बिटेरियन मिशनमध्ये आहेत, त्यामुळे शंका रास्त आहे. तिचं उत्तर कॅल्विनकडेच आहे, म्हणजे ज्याच्या विचारांतून प्रेस्बिटेरियन परंपरा आली त्या सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाकडे. ‘इन्स्टिट्यूट्स’च्या चौथ्या पुस्तकात, २० व्या प्रकरणाच्या १६ व्या परिच्छेदात तो सांगतो की देवाचं नैतिक नियमशास्त्र म्हणजे माणसांच्या मनावर कोरलेल्या नैसर्गिक नियमाची आणि सदसद्विवेकाचीच साक्ष. विरोधही मोठा आहे, तो लपवू नका. निसर्गातूनही देवाची काही ओळख होते असं म्हणणाऱ्या एमिल ब्रुनरला १९३४ साली कार्ल बार्थने (दोघेही स्विस प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ) ‘नाही!’ अशा एका शब्दाच्या शीर्षकाने उत्तर दिलं. पतित माणसाच्या बुद्धीवर असा भरवसा टाकला, तर ख्रिस्ताशिवायच देवापर्यंत जाणारी वाट आपण उघडतो, अशी त्याची भीती होती. ही भीती गटात कुणीतरी सतत जागी ठेवली पाहिजे. खालच्या पाचव्या पायरीला आम्ही इतकं महत्त्व देतो, ते याचसाठी.

तयारी

८ ते १० माणसं पुरेत. १२ च्या वर गेलात की चर्चेचं भाषण होतं. ७५ मिनिटांच्या सहा बैठका ठरवा आणि एका बैठकीत एकच प्रश्न घ्या. प्रत्येकाकडे पवित्र शास्त्र, वही आणि पेन असावं. प्रश्न ज्या धंद्यातला, त्या धंद्यातला निदान एक माणूस बैठकीत हवाच. गुळाचा प्रश्न असेल तर गुऱ्हाळ चालवलेला किंवा गुळव्याचं काम केलेला, औषधाचा असेल तर नर्स किंवा डॉक्टर. त्याच्याविना बैठक घेऊ नका, कारण ही पद्धत वस्तुस्थितीवर उभी असते आणि वस्तुस्थिती अंदाजाने मांडली की वरची सगळी इमारत कलते. पाळक हजर असतील तर त्यांना शेवटी बोलायची विनंती करा. ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात आणि तपासणी तिथेच संपते.

आता एकच प्रश्न घेऊन सगळ्या पायऱ्या उतरू: साखर मिसळून केलेला गूळ.

पहिली पायरी: विषय नको, कृती लिहा

‘भेसळ योग्य की अयोग्य?’ हा विषय झाला. त्याला उत्तर नसतं, फक्त मतं असतात. फळ्यावर एकच वाक्य लिहा, ज्यात कोण, काय करतो आणि कुणाशी हे तिन्ही येईल: ‘गुऱ्हाळमालक आधणात साखर घालून काढलेले ३० किलोचे रवे मार्केट यार्डातल्या सौद्याला नुसता गूळ म्हणून लावतो.’ (आधण म्हणजे काहिलीतला उकळता रस, रवा म्हणजे गुळाची ढेप, सौदा म्हणजे लिलाव.) वाक्यात ‘फसवतो’, ‘लुबाडतो’ असे शब्द असतील तर खोडा. निकाल आधीच वाक्यात घातला तर पुढे तपासायला काय उरलं? उलट ‘धंद्यासाठी थोडं करावं लागतं’ असली मऊ भाषाही नको.

या पायरीला १० मिनिटं लागतात आणि ती नेहमी कमी वाटतात. तरीही वाढवू नका.

दुसरी पायरी: कृती तीन ठिकाणी उकला

अक्वायनस पूर्वार्धाच्या प्रश्न १८ मध्ये कृती तीन बाजूंनी बघायला सांगतो: कृती स्वतः काय आहे, ती कोणत्या हेतूने केली, आणि कोणत्या परिस्थितीत केली. तिन्ही बाजू नीट असतील तरच कृती चांगली. एक बाजू नासली तरी कृती नासते. दूध बिघडायला लिंबाचे चार थेंब पुरतात, पण चांगल्या दुधाला सगळंच चांगलं लागतं.

वहीत तीन रकाने आखा.

पहिल्या रकान्यात कृती. इथे गट बहुतेक वेळा घसरतो. कुणीतरी म्हणतं, ‘साखर म्हणजे विष.’ पण साखर विष नाही, चहात आपण सगळेच घालतो. मग या कृतीत नक्की वावगं काय? अक्वायनसने याच भागाच्या उत्तरार्धात, प्रश्न ७७ च्या दुसऱ्या कलमात, विकलेल्या मालातले तीन दोष वेगळे केले आहेत: माल मुळातच दुसरा असणं, वजनमापात कमी असणं आणि दर्जात उणा असणं. पहिल्याचं त्याचं उदाहरण आहे पाणी घातलेला द्राक्षारस. साखरमिश्रित गूळ याच पहिल्या घरात बसतो. घेणारा उसाच्या रसाच्या गुळाचे पैसे मोजतो आणि त्याला दुसरंच काही मिळतं. म्हणजे कृतीचं खरं नाव ‘एक वस्तू दुसरीच्या नावाने विकणं’. घाव शरीरावर नसून सत्यावर आणि न्यायावर आहे. (गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत जास्तीची हायड्रॉस पावडर टाकली असेल, तर तो प्रश्न वेगळा. तिथे शरीराचं हितही पणाला लागतं. दोन्ही एका बैठकीत घेऊ नका, गुंता होतो.)

मालकाला ठाऊकच नसेल तर? समजा, त्याने तयार रवे दुसऱ्याकडून घेतले आणि मिश्रण नंतर कळलं. अक्वायनसचं उत्तर नेमकं आहे: न कळता विकलं त्यात पाप नाही, पण कळल्या क्षणापासून घेणाऱ्याची भरपाई करणं बंधनकारक आहे.

दुसऱ्या रकान्यात हेतू. पोराची फी, कर्जाचा हप्ता, चार पैसे जास्त. हेतू प्रामाणिकपणे लिहा, बहुतेक वेळा तो वाईट नसतो. चांगला हेतू वाईट कृतीला सरळ करू शकत नाही, हे गटाला इथे उमगलं पाहिजे. त्याचबरोबर माणूस राक्षस नाही हेही दिसलं पाहिजे.

तिसऱ्या रकान्यात परिस्थिती. साखर गुळापेक्षा स्वस्त झाली की मोह वाढतो. शेजारचं गुऱ्हाळ तेच करतं, घेणाऱ्याला पिवळा रंग हवा असतो, भेंडीच्या पाण्याने रस स्वच्छ करून, मळी काढत काढत केलेला गूळ काळपट म्हणून सौद्यात मागे पडतो. यातल्या काही गोष्टी दोष हलका करतात, काही दोषाचा वाटा घेणाऱ्याकडेही सरकवतात. कृतीचं नाव मात्र त्यातली एकही बदलत नाही.

तिसरी पायरी: कोणतं हित पणाला लागलंय?

प्रश्न ९४ चं दुसरं कलम हा या सगळ्याचा गाभा. पहिला नियम साधा आहे: चांगलं करावं, साधावं, आणि वाईट टाळावं. यात तपशील काहीच नाही, आणि तो नाही हे ध्यानात ठेवणं बरं. तपशील माणसाच्या स्वाभाविक ओढींतून येतो. अक्वायनस त्यांचे तीन थर सांगतो.

जे जे आहे ते टिकून राहू बघतं, म्हणून जीव आणि आरोग्य ही हितं. प्राण्यांसारखीच माणसालाही जोडीदाराची आणि पिलांची ओढ असते, म्हणून विवाह, मुलं आणि त्यांचं संगोपन. आणि बुद्धी असलेल्या जीवाला सत्याची, विशेषतः देवाविषयीच्या सत्याची, आणि समाजात राहण्याची ओढ असते. म्हणून अज्ञान टाळणं आणि ज्यांच्यात राहायचं त्यांना न दुखावणं हीसुद्धा हितं.

‘ओढ’ म्हणजे इच्छा नव्हे. रागात थोबाडीत मारावीशी वाटणं ही ओढ या अर्थाने ओढ नाही. माणूसपणाची घडण ज्या दिशेला तोंड करून आहे, ती इथे ओढ. नवख्या गटात हा फरक तीनदा तरी सांगावा लागतो.

गुळाच्या प्रश्नात तिसरा थर दुखावतो: सत्य आणि एकत्र राहणं. बाजार म्हणजे नुसती देवघेव नव्हे. अनोळखी माणसाच्या शब्दावर ३० किलोचा रवा न फोडता घेता यावा, यासाठी लागणारा विश्वास म्हणजेच बाजार. तो गेला की चोख गूळ काढणाऱ्यालाही दर मिळत नाही. म्हणजे नुकसान फक्त घेणाऱ्याचं नाही, हेही फळ्यावर यायला हवं.

चौथी पायरी: उतरताना खात्री मोजा

आमच्या मते इथेच ही पद्धत जमते किंवा फसते. अक्वायनस (प्रश्न ९४, कलम ४) सांगतो की सर्वसाधारण तत्त्वं सगळ्यांसाठी सारखी असतात, पण जितकं तपशिलात उतरावं तितके अपवाद वाढतात. त्याचं उदाहरण ठेवीचं: कुणी विश्वासाने ठेवलेली वस्तू परत द्यावी, हे बरोबर. पण ती परत मागून तो आपल्याच देशाविरुद्ध लढायला निघाला असेल तर? आपल्याकडचं उदाहरण घ्या. शेजाऱ्याने ऊसतोडीचा कोयता तुमच्याकडे ठेवला. संध्याकाळी तो दारू पिऊन, भावाशी भांडून, लालबुंद डोळ्यांनी कोयता मागायला आला. ‘ठेव परत करावी’ हा नियम खोटा ठरला नाही. या प्रसंगात त्याच नियमाच्या मुळाशी असलेलं हित तो आज द्यायला नको म्हणतं.

म्हणून गटाच्या प्रत्येक निष्कर्षापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: ‘पक्कं’, ‘बहुतेक’ किंवा ‘प्रसंगावर’.

शेजाऱ्याला फसवू नये: पक्कं. मिश्र गूळ शुद्ध म्हणून विकू नये: हेही पक्कं, कारण कृतीचं नावच फसवणूक आहे. मिश्रण आहे असं स्पष्ट सांगून त्या दराने विकायला नैतिक हरकत नाही: बहुतेक (कायद्याची अट वेगळी तपासावी). शेजारचा भेसळ करतो हे ठाऊक असलेल्याने तक्रार करावी: प्रसंगावर. तिथे पुरावा, मजुरांची रोजी आणि आधी चारचौघांत न जाता एकांतात बोलण्याचं कर्तव्य, सगळंच तोलावं लागतं.

गट ‘पक्कं’ फार वेळा लिहू लागला की थांबवा. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त ‘पक्कं’ निघाले तर बहुधा कुणीतरी पायऱ्या गाळल्या आहेत.

न्यायाने बंधनकारक असलेलं आणि त्याहून चांगलं असलेलं यांतला फरकही इथेच करा. उद्या बाहेरून मोठी आवक येणार आणि दर पडणार, हे व्यापाऱ्याला आज कळलंय. आज घेणाऱ्याला त्याने ते सांगायलाच हवं का? प्रश्न ७७ च्या तिसऱ्या कलमात दुष्काळी गावात धान्य घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याचं असंच उदाहरण आहे. न्यायाने तो सांगायला बांधील नाही, पण सांगितलं किंवा दर उतरवला तर ते जास्त सद्‌गुणी ठरेल, असं अक्वायनस म्हणतो. ‘बांधील नाही’ या शब्दांवर गटातले काही जण नाराज होतील. नाराजी राहू द्या, ती पुढच्या पायरीला उपयोगी पडते.

पाचवी पायरी: वचनासमोर ठेवा

निष्कर्ष लिहून झाल्यावरच पवित्र शास्त्र उघडा. आधी उघडलं तर वचनं शोधून आपलंच मत सजवण्याची सवय लागते. या प्रश्नाला आमोस ८:५–६ वाचा. तिथे माप लहान करणारे, खोटा तराजू धरणारे आणि गव्हाचं भूस विकणारे आहेत. लेवीय १९:३५–३६ मध्ये खऱ्या वजनमापाची आज्ञा आहे. बुद्धीने आणि वचनाने एकच सांगितलं, तर गट योग्य वाटेवर आहे.

बुद्धी आणि वचन भांडताना दिसले तर दोन्हीकडे परत जा. आपण वचन चुकीचं वाचलं का? की दुसऱ्या पायरीत कृतीचं नाव चुकलं? आमच्या अनुभवाने बहुतेक वेळा नाव चुकलेलं असतं.

मग एक वेगळा प्रश्न विचारा: सुवार्ता यापलीकडे काय मागते? प्रश्न ९१ च्या चौथ्या कलमात अक्वायनस स्वतः सांगतो की नैसर्गिक आणि मनुष्यकृत नियम पुरे पडत नाहीत. माणसाचं अंतिम ध्येय त्याच्या कुवतीपलीकडचं आहे, त्याचा निवाडा डळमळतो, कायद्याला मनाच्या आतलं दिसत नाही आणि सगळी वाईट कामं कायद्याने निपटता येत नाहीत. वैऱ्यावर प्रीती करा हे कुठल्याही गुऱ्हाळाच्या हिशेबातून निघत नाही. जकातदार जक्कयाने (लूक १९:८) लोकांकडून लुबाडलेलं चौपट परत केलं. त्याची साधी भरपाई न्याय झाली असती, चौपट हा कृपेने हललेल्या माणसाचा हिशेब. बार्थच्या भीतीला हेच प्रामाणिक उत्तर आहे: बुद्धीला तिची जागा द्या, पण सिंहासन देऊ नका.

सहावी पायरी: कायदा कुठे बसतो?

मनुष्यकृत कायदा नैसर्गिक नीतिनियमातून दोन प्रकारे निघतो (प्रश्न ९५, कलम २). एक, सरळ निष्कर्षाने: कुणाचं नुकसान करू नये, म्हणून खून करू नये. दोन, ठरवण्याने: घर हवं हे नक्की, पण त्याचा आकार कारागीर ठरवतो. वाहनं डावीकडून चालवावीत हे असं ठरवलेलं. उजवीकडून ठरवलं असतं तरी चाललं असतं, पण एकदा ठरलं की पाळणं कर्तव्य.

कोल्हापूरकरांना याचं सर्वांत चांगलं उदाहरण घरचंच आहे. मुलांना शिकवावं ही दुसऱ्या थरातली ओढ आहे, त्यात शंका नाही. पण कोण, कधी, कुणाच्या खर्चाने? शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा ते हित त्यांनी कायद्यात उतरवलं. २६ जुलै १९०२ चा मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा जाहीरनामाही असाच वाचता येतो. न्याय हे मूळ, ५० हा आकडा ठरवलेला. ‘आकडा वेगळा असता तर?’ हा वाद करता येतो. ‘न्याय हवाच का?’ हा वाद मात्र करता येत नाही.

या पायरीला ५ मिनिटं पुरतात.

सातवी पायरी: सोमवारी काय करायचं?

निष्कर्ष कागदावर ठेवून उठू नका. विवेक हा व्यवहाराचा सद्‌गुण आहे, त्यामुळे शेवटी कुणी, काय आणि कधीपर्यंत करायचं हे लिहा. गुळाच्या प्रश्नात तीन कामं निघतात: पुढच्या आधणापासून साखर बंद, शिल्लक मिश्र रवे वेगळे काढून खरं सांगून विकणं, आणि ज्या घेणाऱ्यांचा पत्ता लागतो त्यांची दरातल्या फरकाइतकी भरपाई. मिश्र गूळ चोख गुळाच्या दराने गेला असेल तर दोन दरांतला फरक गुणिले किलो, इतका साधा हिशेब. दोन दर फळ्यावर मांडा, किलो मोजा, आकडा काढा. आकडा आला की चर्चा लगेच खरी होते.

दुहेरी परिणामाचे प्रश्न

काही प्रश्नांत एकाच कृतीतून चांगलं आणि वाईट दोन्ही निघतं. याचं मूळ स्वसंरक्षणाच्या चर्चेत आहे (उत्तरार्ध, प्रश्न ६४, कलम ७): जीव वाचवणं हा हेतू, हल्लेखोराचा मृत्यू हेतूबाहेरचा, आणि गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं तर तेही अयोग्य. पुढच्या शतकांत यातून चार अटी ठरल्या. कृती स्वतः वाईट नसावी. वाईट परिणाम हेतूत नसावा. वाईट परिणाम हे चांगल्या परिणामाचं साधन नसावं. आणि चांगल्याचं वजन वाईट सोसण्याइतकं असावं.

चारही अटी एकेक करून तपासा. गट तिसरी अट जवळपास नेहमी विसरतो, आणि तिसरी विसरली की हा नियम म्हणजे हवं ते करायचा परवाना होऊन बसतो.

नेहमीचं उदाहरण कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णाला मॉर्फिन देण्याचं. इथे आधी वस्तुस्थिती विचारा. वेदना बघत बघत, योग्य मात्रेत वाढवलेलं मॉर्फिन सहसा मृत्यू ओढवत नाही. घरचे लोक ‘आम्हीच मारलं का’ या अपराधाने वर्षानुवर्षं जळतात, आणि बऱ्याचदा तपासायला दुहेरी परिणामच नसतो. नीतीचा नियम लावण्याआधी नर्सला बोलू द्या. वेदनेसाठी लागते त्याहून मुद्दाम जास्त मात्रा, जीव जावा म्हणून दिली, तर मात्र दुसरी आणि तिसरी अट दोन्ही मोडतात.

पुराचे प्रश्न

२००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर सोसलेल्या शहरात हे प्रश्न पुस्तकी राहत नाहीत. दोन जरूर घ्या.

पहिला: पाणी चढतंय, शेजारी घरी नाही, त्याच्या गोठ्यातला दोर आणि टायरची ट्यूब कुलूप तोडून घेतली तर चोरी होते का? उत्तरार्धातल्या प्रश्न ६६ चं सातवं कलम सांगतं की गरज उघड आणि तातडीची असेल, दुसरा मार्ग नसेल, तर दुसऱ्याची वस्तू घेणं ही चोरी नव्हे. दुसऱ्याचा जीव वाचवायला घेतली तरीही नव्हे. वस्तूंचं वाटप माणसांनी ठरवलेलं आहे, आणि माणसाची निकड भागावी हे त्या वाटपाआधीचं. ‘उघड’ आणि ‘तातडीची’ हे शब्द अधोरेखित करा. पूर ओसरल्यावर दोर परत, कुलपाची भरपाई, आणि स्वतः जाऊन सांगणं, इतकं करावंच.

दुसरा: शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, आवक थांबली आणि पाण्याच्या कॅनचा दर तिप्पट झाला. किती योग्य? प्रश्न ७७ च्या पहिल्या कलमात याला धारदार उत्तर आहे. विकणाऱ्याला स्वतःला जे जास्त पडलं, म्हणजे ट्रॅक्टरचं भाडं, डिझेल, जादा मजुरी, ते दरात धरता येतं. घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून दर वाढवता येत नाही, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपलं नाही ते विकता येत नाही. वहीत दोन रकाने करा, ‘मला पडलं’ आणि ‘त्याची तहान’. दुसऱ्या रकान्यातला प्रत्येक रुपया खोडा.

कुठे बिघडतं आणि का

सर्वांत मोठी चूक, रूढीला निसर्ग समजणं. ‘आमच्यात असंच असतं’ हे वाक्य ‘देवाने असंच केलंय’ या वाक्याचा सदरा घालून येतं. पंगतीतली वेगळी बसवणूक, हुंडा, जातीबाहेरच्या लग्नाला ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणणं, हे सगळं मंडळ्यांतही शिरलेलं आहे. वाईट रूढी मनावरचे दुय्यम नियम पुसून टाकू शकते, हे प्रश्न ९४ च्या सहाव्या कलमात स्पष्ट आहे, आणि ते वाचणारा प्रत्येकजण शेजाऱ्याच्या रूढीकडे बोट दाखवतो. खुद्द अक्वायनसही सुटला नाही. स्त्रीच्या जन्माबद्दल त्याने ॲरिस्टॉटलचं चुकीचं जीवशास्त्र उचललं आणि त्यावर निष्कर्ष बांधले. १५५०–५१ मध्ये स्पेनच्या वायादोलिद शहरातल्या जाहीर वादात सेपुल्वेदा या विद्वानाने ॲरिस्टॉटलच्या ‘स्वभावतः गुलाम’ या कल्पनेच्या आधाराने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरचं युद्ध योग्य ठरवलं, आणि लास कासास या बिशपने सर्व माणसं बुद्धिमान आहेत या आधारावर ते खोडलं. दोघेही निसर्गाचाच हवाला देत होते. फरक ओळखायला आम्ही दोन प्रश्न वापरतो: ही गोष्ट आपल्या तालुक्याबाहेरच्या माणसालाही बुद्धीने पटेल का? आणि हिची किंमत जो मोजतो, त्याला बैठकीत बोलायला मिळालं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्या दिवशी निष्कर्ष लिहू नका.

दुसरी चूक, ‘आहे’ वरून थेट ‘असावं’ वर उडी. प्राणी असं करतात म्हणून माणसाने करावं, किंवा प्राणी करत नाहीत म्हणून करू नये, हा नैसर्गिक नीतिनियम नव्हे. तसं असतं तर चष्मा, लस आणि शिजवलेली भाकरी सगळीच पापं ठरली असती. मधला दुवा नेहमी मागा: यात माणसाचं कोणतं हित आहे?

तिसरी चूक, मतभेद लपवणं. संततिनियमनावर ख्रिस्ती मंडळ्या खरोखर वेगळ्या वाटांनी गेल्या आहेत. १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी मर्यादित परवानगी दिली, तर १९६८ मध्ये पोप पॉल सहावे यांनी ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकात कृत्रिम साधनांना नकार कायम ठेवला. त्या नकाराचा आधारही नैसर्गिक नीतिनियमच. गटात दोन्हीकडची माणसं असतील तर वाद प्रत्येक कृतीच्या प्रयोजनाचा आहे की एकूण विवाहाच्या, हे आधी फळ्यावर लिहा. तेवढ्याने एकमत होणार नाही, पण दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलू लागतील.

बैठकीचा वेळ

७५ मिनिटांची वाटणी अशी जमते: कृतीचं वाक्य १०, तीन रकाने १५, हितं १०, उतरण आणि खात्री १५, वचन १०, कायदा ५, सोमवारचं काम १०. पहिल्या बैठकीत शब्दाच्या १० मिनिटांसाठी कायद्याची पायरी गाळा आणि वचनाचा वेळ निम्मा करा. दुहेरी परिणामाचा प्रश्न असेल तर तीन रकान्यांनंतर चार अटी घ्या आणि कायदा सोडून द्या.

गटाचं एकमत झालं नाही तर मतदान घेऊ नका. ज्या पायरीवर फाटा फुटला त्या पायरीचा क्रमांक वहीत लिहा, दोन्ही बाजू प्रत्येकी तीन ओळींत लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीला त्याच पायरीपासून सुरुवात करा. फाटा बहुधा दुसऱ्या पायरीवर असतो, कृतीचं नाव काय यावर. मग धंद्यातल्या त्या माणसाला पुन्हा बोलवा आणि चुलवाण पेटल्यापासून रवा वजनाला लागेपर्यंत काय काय होतं, ते त्याच्याकडून पहिल्यापासून ऐका.